चेंडू गोल आहे का?

"चेंडू वाकडा होता, मास्तर. तुम्ही फक्त तेवढं बोलायचं."

रंगराव वस्ताद आमच्या सोप्यात उभे राहून हे सांगत होते तेव्हा आमच्या कौलांवर चपला पडत होत्या. एक पडली की आई स्वयंपाकघरातून टाकणाऱ्याच्या सात पिढ्या काढायची. तिचा आवाज थांबला की दुसरी पडायची. माझा धाकटा भाऊ कृष्णात भिंतीला पाठ लावून खाली बसला होता. त्याच्या भुवईवर दगड लागला होता. आईनं वर हळद दाबली होती, पण रक्त थांबत नव्हतं. अंगात अजून तालमीची पिवळी जर्सी होती आणि ती काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

ही एकोणीसशे ब्याऐंशी सालची गोष्ट. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, की आमच्याकडे कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉलचे संघ असतात आणि माणूस आधी तालमीचा असतो, मग घरचा. त्या रविवारी चषकाच्या अंतिम सामन्यात आमची रणखांब तालीम पाणदरवाजा तालमीविरुद्ध एका गोलनं मागं होती. शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. कृष्णातनं मारली. चेंडू खांबाच्या हातभर बाहेरून गेला. वर्षभर ज्यांनी त्याला खांद्यावर मिरवलं होतं, तेच आता आमच्या दारात उभे होते.

वस्ताद रणखांब तालमीचे सर्वेसर्वा. साठीचे, पण छाती अजून दरवाजात मावत नव्हती.

"आम्ही हरकत घेतलीया," ते म्हणाले. "दरवर्षी चेंडू जालंधरहून येतोय. औंदा स्पर्धेच्या समितीला गावच्या माणसाचा पुळका आला आणि भैरू सातपुतेचा चेंडू घेतला. चेंडू हवेत वळला, हजार माणसानं बघितलं. मंगळवारी समिती चेंडू मोजून घेणार. आणि मोजणार कोण, तर तुम्ही."

"मी? मी रणखांबचा. पाणदरवाजावाले कसे कबूल झाले?"

"समितीच्या शिरोळकर साहेबांनी तुमचं नाव काढलं आणि त्ये लगीच व्हय म्हणाले. डकरे मास्तर सख्ख्या भावाला अर्धा मार्क जास्त द्यायचा न्हाई, म्हणाले."

ते खोटं नव्हतं. मी हायस्कूलला गणित शिकवत होतो. वस्तादांच्या पुतण्याला भूमितीत दोनदा नापास केलं होतं आणि कृष्णातला नववीत एकदा. पेठेत माझी तेवढीच ओळख होती. मी कधी खेळलो नाही, आखाड्यात उतरलो नाही. तालमीच्या कट्ट्यावर मी गेलो की माणसं आवाज खाली करायची, जागा मात्र द्यायची नाहीत.

"मोजून जे येईल तेच मी सांगीन," मी म्हणालो.

"मोजा की. कोण नगं म्हणतंय?" वस्ताद दारात थांबले. कृष्णातकडं त्यांनी आल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं, आत्ता बोटानं दाखवलं. "फकस्त एक ध्यानात ठेवा. चेंडू वाकडा निघाला तर ह्याचा पाय सरळ. चेंडू सरळ निघाला, तर मग मी कुणाकुणाला आवरू?"

ते बाहेर गेले आणि त्या क्षणापासून कौलांवर एकही चप्पल पडली नाही. चपला कुणाच्या शब्दावर पडत होत्या ते मला तेव्हा कळलं.

सोमवारी सकाळी आईनं कृष्णातला माझ्याबरोबर शाळेत धाडलं. त्याला घरात एकटं ठेवायला ती तयार नव्हती. बावीस वर्षांचा, पाच फूट दहा इंच उंच माणूस माझ्यामागून मान खाली घालून चालत होता. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं त्याला बघून रस्त्यात पचकन थुंकलं. कृष्णातनं ते बघितलं, पाय मात्र थांबवले नाहीत.

भैरू सातपुत्यांचं दुकान आमच्या वाटेवरच होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेची दहा फुटी खोली. तिची फळी फोडली होती. आतली कातडी रस्त्यावर ओढून चिखलात तुडवली होती, आणि दाराशी शिवलेले चार-पाच चेंडू रापीनं चिरून टाकले होते. त्यांची स्वतःचीच रापी, चामडं कापायची. ती दारातच पडली होती.

भैरूअण्णा उकिडवे बसून खिळे वेचत होते. पन्नाशीचे, काटक, आणि तोंडानं अत्यंत फटकळ. मला बघून उठले नाहीत.

"या मास्तर. बघा तुमच्या तालमीचं शौर्य. रातचं न्हवं हां, दिवसाढवळ्या. सामना सुटल्यावर अर्ध्या तासात."

"पोलिसात गेलात?"

"हवालदार रणखांबचाच हाय." मग त्यांची नजर माझ्यामागं गेली. "आणि ह्यो का आलाय? माझ्याकडं बघाया लाज वाटत न्हाई व्हय रं तुला? गोलकीपर एका बाजूला, गोल उघडा, आणि तू चेंडू घालवतोस भायेर. आणि दोष माझ्या शिलाईला?"

"अण्णा, मी कुणाला काय बोललो न्हाई," कृष्णात म्हणाला.

"तेच तर. तोंड हाय न्हवं तुला? बोलायचं होतंस!"

मी मध्ये पडलो. म्हणालो, मंगळवारी मी मोजणार आहे.

भैरूअण्णांचा चेहरा बदलला. हातातले खिळे त्यांनी खिशात टाकले.

"तुम्ही मोजणार? मग झालं तर," ते म्हणाले. "मग मी दुकान आवराया लागतो."

त्यांचा विश्वास उगाच नव्हता. तो चेंडू अर्धा माझा होता, आणि हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

त्याआधी सहा वर्षं भैरूअण्णा एका संध्याकाळी माझ्याकडे आले होते. बरोबर परदेशी चेंडूचा एक उसवलेला तुकडा. तोवर ते लांब पट्ट्यांचे जुन्या पद्धतीचे चेंडू शिवायचे. आता सगळ्यांना नवा हवा होता, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. त्यांनी नुसत्या षटकोनी तुकड्यांचा चेंडू करून बघितला होता आणि तो होतच नव्हता.

"शिवत जावं तितकं चादरीसारखं पसरतंय," ते वैतागून म्हणाले होते. "वर उचलतच न्हाई."

मी त्यांना कागदावर दाखवलं. षटकोनाचा प्रत्येक कोन एकशेवीस अंशांचा. तीन षटकोन एका टोकाला आले की बरोबर तीनशेसाठ अंश भरतात. जागाच उरत नाही, म्हणून चामडं सपाट राहतं. त्यातला एक काढून पंचकोन घातला, तर त्याचा कोन एकशेआठचा. बारा अंश कमी पडतात. ते बारा अंश मिटवायला चामड्याला उठावंच लागतं. तेवढ्या उठण्यातून चेंडू वळतो. अशी साठ टोकं, बारा पंचकोन, वीस षटकोन. बारा पंचकोनांत एकही कमी चालत नाही, एकही जास्त चालत नाही, आणि सगळ्यांच्या कडा तंतोतंत सारख्या लागतात.

भैरूअण्णा दोन तास बसले होते. मी पुठ्ठ्यावर दोन आकार काढून, कापून त्यांच्या हातात दिले. महिन्याभरानं ते पहिला चेंडू घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून नुसते उभे राहिले. मी आयुष्यात बरीच प्रमेयं फळ्यावर सिद्ध केली, पण त्यातलं एक कुणी शिवून आणलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

असो. सोमवारी शाळेच्या टेक्निकल विभागातून मी मोठा कॅलिपर काढला. दोन वाकड्या पायांचं ते साधं पोलादी हत्यार. पाय चेंडूला दोन्ही बाजूंनी भिडवायचे आणि मग त्यांच्या टोकांमधलं अंतर पट्टीवर बघायचं. तो नीट चालतोय का हे बघायला मी तास सुरू होण्याआधी अर्धा तास विभागात बसलो. कृष्णात बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता.

मंगळवारी दुपारी चार वाजता समितीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली होती. एका बाजूला पिवळे, दुसऱ्या बाजूला पाणदरवाजाचे निळे, आणि मध्ये दोन शिपाई काठ्या आडव्या धरून. समितीचे अध्यक्ष गणपतराव शिरोळकर, निवृत्त मामलेदार, टेबलाशी बसले होते. त्यांच्यापुढं तो चेंडू. लाखेच्या मोहरेची पिशवी त्यांनी सगळ्यांसमोर फोडली.

भैरूअण्णा भिंतीशी उभे होते. धुतलेला सदरा, डोक्याला पटका. चेहऱ्यावर काळजी नव्हती. एवढ्या जमावात तसा चेहरा त्यांचा एकट्याचाच होता.

"सुरू करा," शिरोळकर म्हणाले.

मी वजन केलं. नियमात बसलं. घेर मोजला, तोही बसला. पिवळ्या बाजूनं कुजबुज वाढली. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, नीट मोजा! भाऊ बसलाय घरात!" निळी बाजू हसली.

मग मी कॅलिपर घेतला. प्रत्येक काळ्या पंचकोनाच्या बरोबर समोर, चेंडूच्या पलीकडच्या अंगाला, दुसरा काळा पंचकोन असतो. प्रत्येक पांढऱ्या षटकोनासमोर षटकोन. आधी मी पंचकोनांच्या सहा जोड्या मोजल्या, मग षटकोनांच्या दहा. प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला आणि कारकुनानं लिहून घेतला. हॉल शांत होत गेला. आकडे दोनच होते, पुन्हा पुन्हा तेच. काळ्यावरून काळ्यापर्यंत दोनशे एकवीस मिलिमीटर. पांढऱ्यावरून पांढऱ्यापर्यंत दोनशे एकोणीस.

शिरोळकरांनी चष्मा काढला. "याचा अर्थ काय, मास्तर?"

"काळ्या बाजूनं चेंडू दोन मिलिमीटर जास्त आहे."

"म्हणजे साध्या भाषेत सांगा. चेंडू गोल आहे का?"

मी वस्तादांकडं बघितलं नाही. भैरूअण्णांकडंही बघितलं नाही. माझ्यासमोरच्या पट्टीकडं बघत होतो.

"नाही," मी म्हणालो.

पिवळी बाजू उसळली. खिडकीवरची माणसं गज हलवायला लागली. त्या गोंधळात भैरूअण्णा शिपायाची काठी ढकलून पुढं आले.

"थांबा! साहेब, थांबा! दुसरा चेंडू मोजा!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "जालंधरचा आणा, परदेशचा आणा, कुठलाबी आणा. त्यो मोजा म्हणावं ह्यांना!"

"भैरू, मागं हो," शिरोळकर म्हणाले.

"मास्तर!" आता ते माझ्याकडं वळले होते. "माझा पयला चेंडू आपण दोघांनी मोजलावता. तुमच्याच टेबलावर. तवा तुम्ही मला काय सांगितलंत? ह्यांना सांगा की! बोला!"

शिरोळकरांनी माझ्याकडं बघितलं. ते शांत माणूस होते, आणि त्यांनी मला खरोखर विचारलं. "मास्तर, दुसरा चेंडू मोजायची गरज आहे का?"

मागून वस्तादांचा आवाज आला, सावकाश, "समितीनं एकच चेंडू मोजायला सांगितलाय. हरकत एकाच चेंडूवर हाय."

"ते बरोबर आहे," मी म्हणालो. "मला एकच चेंडू मोजायला सांगितला होता."

भैरूअण्णा माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी शिवी दिली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. एवढ्या तोंडाळ माणसानं त्या वेळी तोंड मिटलं. मग कुणीतरी त्यांचा पटका ओढला, कुणीतरी ढकललं, आणि शिपायांनी त्यांनाच बाहेर काढलं.

निकाल तिथंच झाला. सामना पुन्हा, पुढच्या रविवारी, जालंधरच्या चेंडूनं. सातपुते यांचा चेंडू यापुढं कुठल्याही स्पर्धेत वापरू नये. कागदावर माझी सही घेतली. बाहेर आलो तर वस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कट्ट्यावरच्या पोरांनी मला घरापर्यंत सोबत केली. आमच्या गल्लीत हलगी वाजत होती. परवा चपला फेकणारेच कृष्णातला बाहेर बोलवत होते.

कृष्णात बाहेर आला नाही. मी आत गेलो तेव्हा तो मागच्या पडवीत उभा होता. आई देवाला साखर ठेवत होती.

"मिटलं सगळं," मी म्हणालो. "रविवारी पुन्हा सामना. पेनल्टीचा प्रश्नच राहिला नाही."

"दादा, एक विचारतो. खरं सांगशील?"

"विचार."

"काल सकाळी शाळेत बसून तू कॅलिपर बघत होतास. खिडकीतनं दिसत होतं मला. टेबलावर शाळेचा चेंडू होता. जालंधरचा. त्यो तू मोजलास."

मी सदऱ्याची बटणं सोडायला लागलो.

"किती आला?"

"कृष्णात..."

"काळ्यावरनं काळ्यापर्यंत किती, आणि पांढऱ्यावरनं किती?"

"दोन मिलिमीटरचा फरक," मी म्हणालो. "तेवढाच."

बाहेर हलगीचा ठेका वाढला होता. कृष्णात जवळ आला.

"म्हंजे सगळेच चेंडू तसे असतात."

"सगळेच. पंचकोन मध्यापासून थोडा लांबच असतो. आकारच तसा आहे. हवा भरली तरी फरक पुरता जात नाही. भैरूअण्णांना मी पहिल्या चेंडूच्या वेळीच हे सांगितलं होतं. पण कृष्णात, मी खोटं काही बोललो नाही. एक आकडा खोटा नाही. चेंडू गोल आहे का विचारलं, मी नाही म्हणालो. तो नाहीच गोल. कुठलाच नसतो."

"शाब्बास," कृष्णात म्हणाला. "भूमितीत पैकीच्या पैकी."

"मी कुणासाठी केलं? आरशात तुझी भुवई बघ! त्यांनी तुला मारून टाकलं असतं!"

"मला विचारलंस?" तो ओरडला. आई पडवीच्या दारात आली. "एकदा तरी विचारलंस का, चेंडू वळला का म्हणून? मी उजवीकडं मारणार होतो. पळता पळता गोलकीपर हलल्यागत वाटलं, आणि मी मन बदललं. पाय चुकला माझा. माझा! चार चपला खाल्ल्या असत्या, दोन म्हयन्यांनी लोकं विसरली असती. पुढच्या वर्षी तीच पेनल्टी आत घातली असती मी. आता? आता काय घालू आत?"

"हळू बोल, बाहेर माणसं आहेत."

"ऐकू दे की!" पण तो हळू बोलला. आईकडं बघून. "त्या माणसाचं दुकान माझ्या एका लाथेनं मोडलं होतं, दादा. ते परत उभं राहिलं असतं. तू त्याचं नाव मोडलंस."

आई मध्ये पडली, "अरे, थोरला हाय तुझा. तुझ्यासाठीच केलं त्यानं."

"माझ्यासाठी न्हाई केलं, आई. बाहेर बघ जरा. वस्तादाचा हात खांद्यावर पडला ह्याच्या आज."

मी त्याच्या थोबाडीत मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं गालाला हातही लावला नाही. आत जाऊन जर्सी आणली, धुऊन वाळत घातलेली होती ती, आणि माझ्या हातात दिली.

"वस्तादाला दे. म्हणावं, चेंडू सरळ आला की दुसरं कोणतरी मारंल."

रविवारी सामना झाला. कृष्णात खेळला नाही. पेठेत सांगितलं, भुवईची जखम चिघळली. रणखांब तालीम दोन-शून्यनं जिंकली. चषकाच्या मिरवणुकीत मला जीपमध्ये वस्तादांच्या शेजारी बसवलं होतं. हार घातला. मी तो उतरवला नाही.

सहा महिन्यांत कृष्णात पुण्याला गेला. एका कारखान्यात लागला, तिकडंच संसार केला. आईच्या आजारपणात यायचा, माझ्या मुलांसाठी खाऊ आणायचा, माझ्याशी पावसापाण्याचं बोलायचा. त्यानं पुन्हा कधी फुटबॉलला पाय लावला नाही. त्याच्या मुलानं एकदा माझ्यासमोर त्याला विचारलं, "बाबा, तुम्ही खेळायचा ना?" तर म्हणाला, "थोडं थोडं. नीट जमलं न्हाई."

भैरूअण्णांकडं चेंडू तर सोडाच, पेठेतलं कुणी चपलेचा अंगठा शिवायलाही जाईना. वाकड्या चेंडूवाला असं त्यांना पोरं चिडवायची. त्यांच्या दारावरून माझी शाळेची वाट होती. मी वाट बदलली. दिवाळीनंतर कळलं की ते बायकोमुलांसह निपाणीला मेव्हण्याकडं गेले.

मी निपाणीला गेलो तो अकरा वर्षांनी. का गेलो तेव्हाच, याला काही मोठं कारण नाही. आई त्या वर्षी गेली. दहाव्याला कृष्णात आला होता. जाताना बसस्टँडवर त्यानं माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं आणि मध्येच थांबून बॅग उचलली. त्यानंतर चार दिवसांनी मी निपाणीची गाडी धरली.

शोधायला वेळ लागला नाही. बाजाराच्या मागं एका गाळ्यात ते बसले होते. केस पूर्ण पांढरे, नाकावर जाड चष्मा. गुडघ्यांत चामडं धरून शाळेची दप्तरं शिवत होते. आरीनं भोक, मग दोऱ्याचा फेर, पुन्हा भोक. मला बघितलं, ओळखलं. आरी थांबली नाही.

"बसा म्हणणार न्हाई," ते म्हणाले.

"उभाच राहतो."

"कशाला आलाय?"

रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "सांगायला आलोय. तुमचा चेंडू बरोबर होता. एक शिलाई चुकलेली नव्हती. मी आदल्या दिवशी दुसरा चेंडू मोजला होता. मला माहीत होतं. माहीत असून मी तसं बोललो. मला माफ करा."

त्यांनी दोरा दातानं तोडला. दप्तर उलटं करून शिलाई बोटानं चाचपली आणि बाजूला ठेवलं.

"कुणाकुणाला सांगितलं हे?"

"कुणालाच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा."

"मला?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मला कशाला सांगताय, मास्तर? मला तर म्हाईतच होतं. त्याच दिवशी, त्याच हॉलात. माझ्याएवढं पक्कं कुणाला म्हाईत असणार? ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना जाऊन सांगा. त्या पेठेत जावा. कट्ट्यावर उभं ऱ्हावा आणि बोला."

"बोलतो."

"आणि माफीचं म्हणाल तर ती हितं मिळत न्हाई. हितं दप्तरं मिळतात." त्यांनी दुसरं चामडं ओढलं. "जावा आता. उजेड अडतोय."

मी खरंच त्यांच्या उजेडात उभा होतो. बाजूला झालो, आणि आलो त्याच पावली निघालो.

कोल्हापुरात उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. घरी गेलो नाही. बसस्टँडवरून सरळ तालमीच्या कट्ट्यावर गेलो, कारण घरी गेलो असतो तर पुन्हा अकरा वर्षं गेली असती. कट्ट्यावर नेहमीचे दहा-बारा जण होते. मधोमध खुर्चीवर रंगराव वस्ताद. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, आवाज तसाच. मला बघून पोरांनी सरकून जागा केली. त्या सामन्यापासून माझी कट्ट्यावर जागा ठरलेली होती.

मी बसलो नाही.

"वस्ताद, मला काही सांगायचंय. सगळ्यांसमोर." माझा आवाज वर्गात निघतो तसा निघाला. "ब्याऐंशीच्या फायनलचा चेंडू वाकडा नव्हता. भैरू सातपुत्यांचा चेंडू सरळ होता. मी फसवलं. समितीला, तुम्हाला, सगळ्या पेठेला."

कुणी हललं नाही. एकानं पानाची पिचकारी टाकली. मी वाट बघत होतो. कुणी उठेल, कुणी गळपट्टी धरेल, निदान एखादी शिवी येईल.

वस्ताद माझ्याकडं बघून हसले. अगदी मायेनं हसले. तसं ते कुणाकडं हसलेले मी बघितले नव्हते.

"आवो मास्तर," ते म्हणाले, "सरळ होता हे ठाऊक न्हाई आसं हितं कोण हाय? पोरगं बिचकलं आणि पाय चुकला, सगळ्या मैदानानं बघितलं. चेंडू वाकडा असता, तर त्यो कुणीबी मोजला असता की. त्यो सरळ होता, म्हणून तर तुमच्यासारखा माणूस लागला." मग त्यांनी मागं वळून हाक मारली, "अरं, मास्तरांना च्या सांग रं एक."

चहा आला. सगळे माझ्याकडं बघत होते. मी बसलो आणि तो प्यायलो.